एवढे प्राणी आहेत म्हणतात, मग दिसत का नाहीत? कोस्टा रिकाचं समुद्राकाठचं जंगल समजून घेऊया

कोस्टा रिका या मध्य अमेरिकेतल्या छोट्या देशाच्या जंगलांचे व्हिडिओ सध्या सगळीकडे दिसतात. फांदीला लटकलेला स्लॉथ (पानं खाणारा, फार हळू हलणारा प्राणी), लाल-निळे मकाव पोपट, बीचवर उतरलेली माकडं, आणि सोबत ठरलेलं वाक्य, की पृथ्वीवरच्या जमिनीच्या फक्त ०.०३ टक्के जागेत जगातल्या जवळपास ५ टक्के जीवजाती राहतात. हे बघून माणूस उत्साहाने तिकीट काढतो, दमट हवेत चार तास चालतो, घामाने निथळतो आणि परत येऊन सांगतो की अरे नुसतं हिरवं हिरवं होतं, एक खार दिसली आणि दोन सरडे, बाकी काही नाही.

मला या तक्रारीचं वाईट वाटतं, कारण तो माणूस खोटं बोलत नसतो आणि व्हिडिओही खोटे नसतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या एकाच वेळी खऱ्या कशा हे कळलं की या जंगलातलं बाकी सगळं कळायला लागतं, म्हणजे तिथले नियम, गाइडची सक्ती, पहाटे उठणं, हळू चालणं, सगळंच. म्हणून जरा सुरुवातीपासून सांगतो.

आधी जागा कुठली ते

दोन पार्क डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय, दोन्ही कोस्टा रिकाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचे. पहिला मान्युएल आंतोनियो, १९७२ साली झालेला, देशातल्या लहान राष्ट्रीय उद्यानांपैकी एक, सोप्या पायवाटा आणि जंगलाला लागूनच पांढऱ्या वाळूचे बीच, त्यामुळे गर्दीही भरपूर. दुसरा कोर्कोव्हादो, १९७५ साली झालेला, दक्षिणेच्या ओसा द्वीपकल्पावर, साधारण ४२४ चौरस किलोमीटरचा, आणि तिथे पोचायलाच होडी, छोटं विमान नाहीतर दिवसभराची पायपीट लागते.

दोन्हीकडे रेनफॉरेस्ट आहे. रेनफॉरेस्ट म्हणजे वर्षावन, जिथे वर्षातला बराच काळ पाऊस पडतो आणि झाडं कायम हिरवी राहतात. ओसाच्या काही भागांत वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एवढं पाणी आणि वर्षभर ऊब म्हटल्यावर झाडं वाढतात ती सरळ वर, आणि आपली अडचण तिथूनच सुरू होते.

इमारत उंच आहे आणि आपण तळमजल्यावर आहोत

बारा मजल्यांची इमारत आहे असं समजा. सगळे फ्लॅट वरच्या चार मजल्यांवर, खायची दुकानं वर, मुलांची खेळायची जागाही वर, आणि तळमजल्यावर नुसतं अंधारं पार्किंग. आता कोणी पार्किंगमध्ये एक चक्कर मारून म्हणाला की या इमारतीत कोणी राहतच नाही, तर त्याने जे पाहिलं ते बरोबर पण काढलेला अर्थ चूक.

या जंगलाची वरची पानांची गच्च चादर, जिला कॅनपी म्हणतात, ती साधारण ३० ते ४५ मीटर उंचीवर असते. ऊन जवळपास सगळं तिथेच अडतं, जमिनीपर्यंत फार तर २ टक्के प्रकाश पोचतो. ऊन जिथे तिथे कोवळी पानं, फुलं, फळं, आणि फळं जिथे तिथे माकडं, पोपट, टूकान (मोठ्या चोचीचे पक्षी), स्लॉथ. खाली आपण कुजक्या पानांवरून चालत असतो आणि सगळा संसार डोक्यावर चाललेला असतो.

वर तर मातीसुद्धा असते, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा पटलंच नव्हतं. फांद्यांवर शेवाळं, ऑर्किड, नेचे असं काय काय उगवतं, ते मरतं, कुजतं, आणि फांदीवरच मातीचा थर तयार होतो. नलिनी नाडकर्णी या भारतीय वडिलांच्या अमेरिकन शास्त्रज्ञ गिर्यारोहणाचे दोर वापरून झाडांवर चढल्या आणि त्यांनी दाखवून दिलं की काही झाडं आपल्या फांद्यांमधूनच मुळं काढून त्या वरच्या मातीतलं अन्न घेतात. त्यांचं पुढचं कितीतरी काम कोस्टा रिकातल्याच मोंतेवेर्देच्या जंगलात झालं. म्हणजे वरचा मजला किती भरलेला आहे बघा, झाडाला स्वतःलाही तिथे मुळं पसरावीशी वाटतात.

जाती खूप, पण एकेका जातीचे थोडेच

दुसरं कारण जरा खोल आहे पण मला तेच सगळ्यात आवडतं.

आफ्रिकेच्या गवताळ मैदानात हजारो विल्डबीस्ट एकत्र दिसतात कारण तिथे गवत एकच आणि चहूकडे. वर्षावनात तसं नसतं. शेजारच्या पनामात बारो कोलोरादो बेटावर शास्त्रज्ञांनी ५० हेक्टरचा एक तुकडा आखून त्यातली झाडं मोजली, तर तेवढ्यात साधारण ३०० जातींची झाडं निघाली. एका जातीचं झाड दिसलं की त्याच जातीचं दुसरं जवळपास सापडेलच असं नाही, बरंच चालावं लागतं.

असं का होतं? १९७० साली डॅनियल जॅन्झन आणि १९७१ साली जोसेफ कॉनेल यांनी वेगवेगळं काम करून जवळपास सारखंच उत्तर दिलं. आईझाडाच्या खाली बिया पडतात त्या ढिगाने, आणि त्याच जातीवर जगणारे किडे आणि बुरशी तिथेच टपलेले असतात, त्यामुळे आईच्या सावलीतली रोपं बहुतेक मरतात. जी बी कोणा पक्ष्याने किंवा अगुतीने (हा मोठ्या उंदरासारखा, बिया पुरून ठेवणारा प्राणी) लांब नेली तिला जगायची संधी. पिढ्यान् पिढ्या हेच चालल्यावर एका जातीची झाडं आपोआप विखुरतात.

आता हे प्राण्यांना लावा. झाडं विखुरली म्हणजे फळं विखुरली, आज इथलं झाड पिकलं, पुढच्या आठवड्यात तिकडचं. मग फळं खाणाऱ्यांना सतत फिरावं लागतं, आणि फळं खाणाऱ्यांच्या मागे असणारा जॅग्वार (बिबट्यासारखा ठिपकेदार शिकारी) तर आणखी मोठ्या भागात एकटाच फिरतो. म्हणून या जंगलाची यादी लांबलचक असते पण एका वेळी एका जागी हजर असणारे थोडे.

याचा उपयोगही आहे. तुम्ही प्राण्याच्या मागे धावण्यापेक्षा पिकलेलं झाड शोधा, आणि त्यातही अंजिराच्या कुळातलं, कारण या कुळातली झाडं सगळी एकदम पिकत नाहीत, वर्षभर कुठलं ना कुठलं पिकलेलं असतंच. खाली फळांचा सडा आणि वरून टपटप काही पडत असेल तर तिथे बसा, अर्धा तास बसा, निघायची घाई करू नका.

आणि जे आहेत ते लपलेले आहेत

स्लॉथचंच घ्या. तीन बोटांचा स्लॉथ पानं खातो, पानांतून शक्ती फार कमी मिळते, म्हणून तो सगळंच हळू करतो, पचनाला कित्येक दिवस लागतात, आणि साधारण आठवड्यातून एकदाच शी करायला झाडावरून खाली उतरतो. त्याच्या केसांत शैवाल वाढतं त्यामुळे अंगावर हिरवट झाक येते. खालून बघितलं तर वाळवीचं घर किंवा अडकलेला पाचोळा वाटतो. त्याला हे असंच हवं आहे, कारण हललं की गरुड बघतो. जो प्राणी गरुडापासून लपायला लाखो वर्षं शिकला तो आपल्याला पहिल्या नजरेत दिसणार नाही यात आपली काही चूक नाही.

समुद्र असल्याने काय फरक पडतो?

खूप पडतो, आणि आतल्या जंगलापेक्षा किनाऱ्याच्या जंगलात नवख्या माणसाला जास्त का दिसतं त्याचं उत्तर इथेच आहे. बीचपाशी जंगल संपतं, तिथे वरची चादर उतरत उतरत जवळपास आपल्या डोळ्यांच्या उंचीला येते आणि ऊन आत शिरतं. बाराव्या मजल्यावरचे लोक जणू जिन्यावर येऊन बसतात.

किनाऱ्यावर बदामाची झाडं असतात, आपण जिला देशी बदाम किंवा जंगली बदाम म्हणतो तीच, मोठी पानं गळताना लाल होणारी. ती मूळची आपल्या बाजूची, अमेरिकेत माणसाने नेलेली, आणि आज तिथले स्कार्लेट मकाव याच बदामांवर ताव मारतात. बदामाखाली कुरतडलेली ताजी सालं दिसली की वर बघा. एवढा मोठा लालभडक पक्षी पानांत खरंच दिसत नाही, आधी फळ फोडल्याचा आवाज येतो, मग तो दिसतो.

नदी समुद्राला मिळते तिथली गोष्ट वेगळी. कोर्कोव्हादोतल्या सिरेना नदीच्या मुखाशी मगरी असतात आणि भरतीबरोबर बुल शार्क आत येतात, हा शार्क गोड्या पाण्यातही राहू शकतो. त्यामुळे अशा नद्या ओलांडायच्या त्या ओहोटीला आणि गाइड म्हणेल तिथूनच. भरतीचं गणित सोपं आहे, दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणजे रोजची वेळ ५० मिनिटांच्या आसपास पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी भांगाच्या दिवसांपेक्षा बरंच वर चढतं. ला लेओना ते सिरेना ही पार्कातल्या दोन चौक्यांमधली किनाऱ्याने जाणारी वाट साधारण १६ किलोमीटरची आहे, आणि त्यातल्या एका खडकाळ टोकाचं नावच साल्सीपुएदेस आहे, म्हणजे "निघता आलं तर निघ". वेळ चुकली तर एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला लाटा, म्हणून तिथे निघायची वेळ आपल्या झोपेवर ठरत नाही, पाण्यावर ठरते.

गाइडची सक्ती म्हणजे पैसे काढायची युक्ती आहे का?

हा प्रश्न हमखास येतो. कोर्कोव्हादोत २०१४ पासून अधिकृत गाइडशिवाय आत सोडत नाहीत. मान्युएल आंतोनियोत गाइड ऐच्छिक आहे, तिथे वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं आणि मंगळवारी पार्क बंद असतो.

सुरक्षिततेचं कारण वर आलंच, नद्या, भरती, वाट चुकणं. पण मला दुसरं कारण जास्त पटतं. गाइडचे डोळे आपल्यापेक्षा तेज नसतात, त्याला फक्त कुठे बघायचं ते माहीत असतं. काल कुठलं झाड पिकलं होतं, कुठल्या फांदीवर स्लॉथ झोपला होता (तो आज फार लांब गेलेला नसणार), ही हाक धोक्याची की नेहमीची. आपल्या गल्लीत नवा माणूस आला की आपल्याला लगेच कळतं ना, तसं त्याला जंगलात कळतं. शिवाय त्याच्याकडे स्टँडवरची मोठी दुर्बीण असते, तिच्यातून ३० मीटरवरच्या स्लॉथच्या पापण्या दिसतात. खर्च वाचवायचाच असेल तर दुसरं काहीही वाचवा पण पहिल्या दिवशी गाइड घ्याच.

आणि हे पैसे तिथल्याच लोकांच्या हातात जातात. कोर्कोव्हादोत एकेकाळी सोनं शोधणारे शेकडो लोक नद्या खणत होते, १९८६ मध्ये त्यांना बाहेर काढावं लागलं. जंगल उभं राहून रोजगार मिळत असेल तरच ते उभं राहतं. पूर्ण देशानेच हे केलंय, १९८० च्या दशकात तिथे जंगल साधारण पाव भागावर आलं होतं, मग १९९६ च्या कायद्याने जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना पैसे मिळायला लागले, त्यातला मोठा हिस्सा इंधनावरच्या करातून येतो, आणि आज निम्म्याहून जास्त देश पुन्हा जंगलाखाली आहे. झाड तोडून जे मिळणार ते न तोडता थोडंफार मिळालं, एवढीच कल्पना, पण तिने देश बदलला.

एक केळं दिलं तर काय बिघडलं?

बरंच बिघडतं. मान्युएल आंतोनियोत दारावरच बॅगा तपासतात आणि खाऊ आत नेऊ देत नाहीत, पाण्याची बाटली चालते, लोक यावर चिडतात. पण तिथली पांढऱ्या तोंडाची कापुचिन माकडं आणि रॅकून बॅगेची चेन उघडायला शिकलेले आहेत आणि ते आपणच शिकवलंय. एका माणसाने एक केळं दिलं असं त्या माकडाला वाटत नाही, त्याला कळतं की माणूस म्हणजे खाणं. मग पुढच्या माणसाने दिलं नाही की ते दात दाखवतं, ओरबाडतं, चावतं. आपल्या तोंडचे आणि हातचे जंतू त्यांच्यापर्यंत जातात, आणि वर सांगितलेलं बिया लांब नेण्याचं काम मागे पडतं, कारण बीचवर बसून मिळत असेल तर फळझाडं शोधत फिरणार कोण?

सेल्फीचंही तेच. हातात स्लॉथ घेऊन फोटो काढलेले असतात ना, त्यातला स्लॉथ हसत नसतो, त्याच्या तोंडाची ठेवणच तशी असते, घाबरला तरी तो तसाच दिसतो. कोस्टा रिकाच्या सरकारने २०१९ मध्ये अशा सेल्फींविरुद्ध मोहीमच काढली. वन्य प्राणी हातात असलेला फोटो दिसला की मी लाइक करत नाही, तुम्हीही करू नका.

मग चालायचं कसं?

हळू, आणि हळू म्हणजे खरंच हळू, तासाला एक किलोमीटर झालं तरी पुष्कळ. विषुववृत्ताच्या जवळ असल्याने तिथे वर्षभर साधारण साडेपाच-सहाला उजाडतं आणि साडेपाच-सहालाच अंधार होतो, त्यामुळे पहाटेचे दोन-तीन तास सोन्यासारखे. हाउलर माकडं पहाटे ओरडतात, त्यांच्या घशात एक मोठं पोकळ हाड असतं त्यामुळे तो आवाज काही किलोमीटर जातो आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं वाघसिंहच आला. दुपारी सगळे झोपतात, तेव्हा आपणही झोपावं.

डोळ्यांनी प्राणी शोधू नका, हालचाल शोधा. वारा नसताना एकच फांदी हलत असेल तर तिथे कोणीतरी आहे. आधी नुसत्या डोळ्यांनी जागा पकडा, नजर तिथेच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा, खाली बघून दुर्बीण लावली की जागा हरवते. दुर्बीण ८×४२ ची घ्या, ८ म्हणजे आठपट जवळ आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, जंगलातल्या अंधुक उजेडात हा मोठा व्यास कामी येतो.

नाक आणि कानही वापरा. पांढऱ्या ओठांच्या पेकारींचा (रानडुकरासारखे, कळपाने फिरणारे) उग्र वास त्यांच्याआधी येतो. आणि जमिनीलगत खूप पक्षी एकदम गडबड करताना दिसले तर पायाखाली बघा, बहुधा लष्करी मुंग्यांची फौज चाललेली असते आणि तिच्यापुढे पळणारे किडे पकडायला हे पक्षी जमलेले असतात. फौजेच्या बाजूला थांबलं तर एका तासात जेवढे पक्षी दिसतील तेवढे दिवसभर चालून दिसणार नाहीत.

साप, विषारी झाडं, याचं काय?

भीती योग्य आहे, पण ती नेमकी हवी. तेरसिओपेलो हा तिथला सगळ्यात सांभाळून राहायचा साप, पाचोळ्याच्याच रंगाचा. वाट सोडायची नाही, पूर्ण बूट घालायचे, बसायच्या आधी ओंडका बघायचा, आणि आधारासाठी झाडाच्या खोडावर न बघता हात ठेवायचा नाही कारण तिथे बुलेट मुंगीही असू शकते आणि तिचा दंश फार भयानक दुखतो. सापाच्या विषावरचं औषध कोस्टा रिका स्वतः बनवतं, त्यासाठी १९७० पासून क्लोदोमिरो पिकादो ही संस्था तिथे आहे.

लोकांना माहीत नसलेला धोका बीचवर आहे. मान्सानियो नावाचं झाड, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी गोड वासाची फळं येतात. फळ खायचं नाहीच, चीकही अंगाला लागू द्यायचा नाही, आणि पाऊस आला म्हणून त्याखाली उभं तर अजिबात राहायचं नाही, पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्याने कातडीला फोड येतात. पाटी लावलेली असते, ती वाचा.

पावसाळ्यात गेलं तर पैसे वाया?

कोरडे महिने डिसेंबर ते एप्रिल, वाटा बऱ्या आणि गर्दी जास्त. मे पासून पाऊस, पण सुरुवातीच्या महिन्यांत बहुतेक वेळा सकाळ मोकळी आणि दुपारनंतर सर येते. बेडूक तर पावसातच बाहेर पडतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मात्र नद्या फुगतात, तेव्हा कोर्कोव्हादोचा बेत नको.

आणि तरीही काहीच दिसलं नाही तर?

असं होऊ शकतं, आणि जॅग्वारच्या बाबतीत बहुतेकांचं होतंच. पण किनाऱ्याच्या जंगलात एक सोय आहे जी आतल्या जंगलात नाही. ओल्या वाळूवर सगळं उमटतं. बेअर्डचा टापीर हा मध्य अमेरिकेतला जमिनीवरचा सगळ्यात मोठा प्राणी, डुकरासारखं जाड अंग आणि छोटी सोंड, तो अंधारात फिरतो आणि उजाडायच्या सुमारास चिखलात जाऊन झोपतो. त्याच्या पुढच्या पायाला चार बोटं आणि मागच्या पायाला तीन, त्यामुळे ठसा ओळखायला कठीण नाही. रात्री भरती उतरलेली असेल आणि तुम्ही उजाडताना बीचवर पोचलात, तर तो कुठून आला, कुठे थांबला, नदीच्या दिशेने कुठे वळला, हे सगळं वाळूत लिहिलेलं असतं. वाकून नीट बघा, फोटो काढा, गाइडला दिशा विचारा. पुढची भरती ते पुसून टाकायच्या आत तुमच्या हातात फार तर पाच-सहा तास असतात.